वक्तृत्वाचे मुके प्रोफेसर

ऑरिन टिस्डेल कागदावर वाघ आणि चारचौघांत मांजर, हे ब्रायर क्रीकमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आपल्या 'सेंटिनल' साप्ताहिकातून त्यानं एकदा खुद्द इंडियानाच्या गव्हर्नरला असं सोलून काढलं की लोक तो अंक खिशात घालून फिरत होते. पुढे त्याच गव्हर्नरची न् त्याची स्टेशनवर गाठ पडली. टिस्डेलनं टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला आणि 'आज हवा बरी आहे' एवढं म्हणायला तोंड उघडेपर्यंत गाडी सुटून गेलीसुद्धा.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण कझाया, अशी दोघंच. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. त्याचं बोलता येत नाही म्हणून आणि तिचं फार बोलता येतं म्हणून, असं गावात म्हणत. खाली छापखाना, वर राहायची जागा. तो लिहायचा, ती छपाईचे खिळे जुळवायची, आणि आठवड्याचा अंक निघायचा. उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपलं त्या वर्षी त्यानं एक पुस्तक लिहिलं, 'ओढ्याकाठची माणसं' नावाचं. त्यात राजे नव्हते, सेनापती नव्हते. आपल्याच भागातले गिरणीवाले, सुइणी, नावाडी आणि भांडखोर म्हातारे होते. सिनसिनाटीच्या एका छापणाऱ्यानं ते काढलं आणि बघता बघता थेट बोस्टनपर्यंत लोक ते शेकोटीपाशी बसून एकमेकांना वाचून दाखवायला लागले.

त्यानंतरच्या शरद ऋतूत टेकडीवरच्या कॉलेजचे अध्यक्ष, रेव्हरंड डॉक्टर क्रेन, काठी टेकत छापखान्यात आले. म्हातारा देवमाणूस होता, पण कानानं ठार. कानाला पितळी कर्णा लावून ते म्हणाले, "टिस्डेलसाहेब, आमचे वक्तृत्वाचे प्रोफेसर लेकीकडे इलिनॉयला गेले ते तिकडचेच झाले. त्यांच्या जागी आम्हाला तुम्ही हवे आहात."

टिस्डेल कधी कॉलेजात गेला नव्हता. अकराव्या वर्षी बापानं त्याला छपाईच्या कामाला लावलं. अंकांचे गठ्ठे टेकडीवर पोचवताना कॉलेजच्या खिडकीखाली रेंगाळल्याबद्दल मालकाच्या हातचा मारही त्यानं खाल्ला होता. आता त्याच कॉलेजचे अध्यक्ष त्याच्या दारात उभे होते. विचार करायच्या आतच त्याच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

म्हातारा गेल्यावर कझायानं हातातली खिळ्यांची पट्टी खाली ठेवली. "कसले प्रोफेसर म्हणाले ते?"

"वक्तृत्वाचे."

"म्हणजे भाषण कसं करावं, ते तू शिकवणार."

"हो."

"अरे, काल पावाच्या दुकानात तू बोट दाखवून पाव घेतलास!"

पण हो म्हटलं ते म्हटलं. टिस्डेलनं पंधरवडाभर बसून पहिलं व्याख्यान लिहिलं. कझायानं त्याचा काळा कोट ब्रशनं झाडून दिला आणि मनातल्या मनात देवाला साकडं घातलं.

वर्ग भरगच्च होता. त्यातली निम्मी मुलं मुलं नव्हतीच, लढाईवरून परत आलेले बाप्ये होते. कुणाचा पाय लंगडा, कुणाची दोन बोटं गेलेली. तीन-चार वर्षं तोफा ऐकून आलेल्या माणसांना प्राचीन ग्रीसच्या भाषणांचं काय कौतुक? त्यांच्या मागच्या बाकावर ज्युबल रेनर बसला होता. ताडमाड उंच, शेतकऱ्याचा मुलगा, आणि टवाळीत पहिला नंबर. पहिल्या रांगेत डॉक्टर क्रेन कौतुकानं बसले होते आणि त्यांच्या शेजारी कॉलेजचे विश्वस्त आणि चर्चचे कारभारी डीकन लंड, कडक कॉलरमध्ये मान ताठ करून.

टिस्डेल व्यासपीठावर चढला. कागद उघडले. वर पाहिलं. तेवढे सगळे डोळे एकदम अंगावर आले आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. अक्षरं समोर होती, त्यानंच लिहिलेली, पण गळ्यातून फुटेल तर शपथ. ओठ हलले, आवाज नाही. घड्याळाची टिकटिक सगळ्यांना ऐकू येत होती. मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "कुक्‌ कुक्‌ कुक्‌... अंडं घालतंय, घालतंय, थांबा!" रेनर खुराड्यातल्या कोंबडीची हुबेहूब नक्कल करत होता. वर्ग खदखदला. टिस्डेलनं कागद गोळा केले आणि मान खाली घालून बाहेर पडला.

डॉक्टर क्रेननी त्याला दारात गाठून हात हातात घेतला. "उत्तम! मला एक शब्दही ऐकू आला नाही, पण मुलं हसत होती म्हणजे रंगलं असणार."

घरी येऊन तो जिन्याच्या पायरीवरच बसला. कझायानं वाटाण्याचं सूप पुढे ठेवलं, ते गार झालं.

"सोडतो मी," तो म्हणाला. "उद्या जाऊन सांगतो."

"सांगणार कसं? बोलून?"

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिचं तिलाच वाईट वाटलं. ती शेजारी टेकली. "सोडायचं तर सोड. पण उद्या अंक निघायचाय. तो तर काढशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टिस्डेल बाह्या वर सारून खिळ्यांच्या खणांपुढे उभा होता. दार उघडलं आणि ज्युबल रेनर आत आला, मागे आणखी दोघं. डॉक्टर क्रेनना कोंबडीची गोष्ट कुणीतरी कर्ण्यातून सांगितली होती आणि त्यांनी तिघांना माफी मागायला पिटाळलं होतं. टिस्डेलनं मान वर केली नाही. मृत्यूची बातमी जुळवून व्हायची होती आणि यंत्र खोळंबलं होतं.

"सर, कालच्याबद्दल आम्ही..." रेनरनं घोकलेलं म्हणायला सुरुवात केली, पण त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं. उलटी अक्षरं वाचायचा प्रयत्न करत तो म्हणाला, "हा गिरणीवाला हॉब्ज ना? आमच्या पाद्रीबाबांनी प्रवचनात म्हटलं, 'तो आपल्या चिरंतन पुरस्काराकडे प्रयाण करता झाला.' तुम्ही नुसतं 'वारला' लिहिलंय. एवढंच?"

"हॉब्ज जन्मात कुठं प्रयाण करता झाला नाही," टिस्डेल म्हणाला. बोटं खणातून खणात पळत होती. "तो जायचा. गाडी जुंपून जायचा, शिव्या देत जायचा. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याला ओळखू येईल अशा शब्दांत लिहावं. पुढं वाच. 'त्याच्या पिठात कधी खडा निघाला नाही आणि त्याच्या बोलण्यात कधी गोडवा.' हे ऐकून त्याची बायको हसेल. मग रडेल. 'चिरंतन पुरस्कार' ऐकून ती नुसती मान डोलावेल, कारण तो पुरस्कार तिला परका आहे. मोठा शब्द म्हणजे मोठा कोट, बाबा. आतला माणूस हरवतो त्यात."

तो बोलतच राहिला. वाक्य कुठं तोडावं, कुठं श्वास घेऊ द्यावा, माणसाचं नाव कधी आधी घ्यावं आणि कधी राखून ठेवावं. त्याला कळलंही नाही. तिघंही टोप्या हातात धरून उभे होते, दोघं शाईच्या पिंपाला टेकले होते. जिन्यावर कझाया श्वास रोखून थांबली होती.

शेवटी रेनर म्हणाला, "सर, राग येणार नसेल तर विचारतो. हे सगळं काल का नाही बोललात?"

टिस्डेलचे हात थांबले. त्यानं हातांकडे पाहिलं, मग रेनरकडे, आणि लगेच पुन्हा खिळे उचलायला लागला. "काल हात रिकामे होते," तो म्हणाला.

अशा रीतीनं वक्तृत्वाचा वर्ग टेकडीवरून खाली छापखान्यात आला. आधी तिघं आले, मग त्यांच्या ओळखीनं आणखी सात-आठ. टिस्डेल हाताला काम असेल तोवर बोलायचा आणि मुलंही खिळे जुळवता जुळवता ऐकायची. 'गुलाबी फूल' म्हणणाऱ्याला तो विचारायचा, "फूल पाहिलंयस का तू ते? गुलाबी कुठं होतं? देठाशी का पाकळीत?" मुलं चिडायची, भांडायची, पुन्हा लिहून आणायची. कझाया वाटेल त्याला झाडू धरायला लावायची. एका बड्या बापाच्या लेकाला ती म्हणाली, "तुझ्या वडलांना सांग, आज तू पहिल्यांदा स्वतःचा कचरा स्वतः काढलास. त्यांना हुंदका येईल."

डीकन लंडना मात्र हे खपलं नाही. एके दिवशी ते स्वतः आले आणि दारातच उभे राहिले, आत आले तर शाई लागेल म्हणून. "मिस्टर टिस्डेल, सभ्य घरची मुलं आम्ही तुमच्याकडे मजुरी शिकायला पाठवत नाही. वसंतात भाषणांचा समारंभ आहे. गाव जमेल. तिथं तुम्ही व्यासपीठावरून मुलांची ओळख करून द्यायची आणि मुलांनी रीतसर भाषणं करायची. त्यानंतर तुमचं काय करायचं ते विश्वस्त ठरवतील."

टिस्डेलचे हात त्या वेळी रिकामे होते. त्यानं नुसती मान डोलावली.

हिवाळ्यात एका सकाळी एक विचित्र प्रकार घडला. ओल्डहॅमबाई अंक न्यायला आली. ठेंगणी, वाळकी विधवा. गावाबाहेर मधमाश्या पाळायची. तिची चाहूल लागताच तो धिप्पाड ज्युबल रेनर यंत्रामागे असा दडला की डोकं आपटून घेतलं. बाई अंक घेऊन, कझायाच्या हातावर मधाची बाटली ठेवून निघून गेली, तरी हा बाहेर येईना.

"काय रे," कझाया म्हणाली, "तोफांपुढं उभा राहिलास म्हणे, आणि मधवाल्या म्हातारीला घाबरतोस?"

रेनर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. टिस्डेलनं रेनरच्या हातात खिळ्यांची रिकामी पट्टी दिली आणि जुन्या अंकाचा एक मजकूर जुळवायला सांगितलं. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. थोड्या वेळानं रेनर आपण होऊन बोलायला लागला.

ओल्डहॅमबाईचा एकुलता एक मुलगा आसा त्याच्याच तुकडीत होता. दोघं एका तंबूत झोपायचे. पलटणीच्या पाद्रीनं गावात येऊन आईला सांगितलं होतं, की आसा भर लढाईत निशाणाखाली छातीवर गोळी झेलून पडला. तसं काही नव्हतं. मिसिसिपीकाठच्या दलदलीत, गढूळ पाणी पिऊन हगवण लागली आणि आठवडाभर झिजून तो तंबूतच गेला. रेनर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"तीन वर्षं झाली सर. रस्त्यात बाई दिसल्या की मी शेतातून आडवा जातो. त्यांनी विचारलं तर काय सांगू? खोटं बोलवत नाही, खरं सांगवत नाही."

टिस्डेलनं हातातली ओळ पूर्ण केली. मग म्हणाला, "तो मेला कसा याला एक ओळ पुरते. जगला कसा, ते लिही."

रेनरनं लिहिलं. पहिला मजकूर टिस्डेलनं परत केला. त्यात शौर्य फार होतं. दुसरा परत केला. त्यात रेनरच फार होता. तिसरा वाचून त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हे माझ्या अंकात जाईल. पण आधी आईला वाचून दाखवायचं. हो म्हणाली तरच."

"मी नाही जाणार."

"मी येतो बरोबर."

"तुम्ही येऊन काय करणार? तुम्हाला तर बोलता येत नाही!"

"म्हणूनच," टिस्डेल म्हणाला. "दोघांपैकी एकाला बोलावंच लागेल."

ओल्डहॅमबाईच्या स्वयंपाकघरात चुलीवर सफरचंदं शिजत होती. बाईनं दोघांना बसवलं, मक्याचा पाव आणि कॉफी पुढे केली, आणि रेनरकडे निरखून पाहत म्हणाली, "ज्युबल रेनर. माझ्या कुंपणापाशी आलास की तुला शेतातली वाट का आठवते, ते आज सांगणार आहेस वाटतं."

टिस्डेलला तिथं करायला काहीच नव्हतं, म्हणून त्यानं टेबलावरची सुरी उचलली आणि परातीतली सफरचंदं सोलायला घेतली. रेनरनं कागद उलगडला.

त्यात होतं ते एवढंच: आसा ओल्डहॅमला गोड फार लागायचं. तो कॉफीत मध घालायचा आणि मध संपल्यावर मध घातल्याचं सोंग करायचा. तंबूत गांधीलमाशी शिरली तर ती न मारता टोपीत धरून बाहेर सोडायचा, नि बाकीच्यांच्या शिव्या खायचा. घरची आठवण आली की तो आईच्या मधमाश्यांच्या पोळ्यांची नावं घ्यायचा. प्रत्येक पोळ्याला त्यानं गावातल्या एकेका बाईचं नाव दिलं होतं. तो तापानं आणि हगवणीनं गेला. शेवटी त्यानं विचारलं, थंडीत ती मधाची पोळी कुणी झाकली असतील का.

वाचून झालं. रेनरची मान वर होईना.

"झाकली होती," बाई म्हणाली. "मीच झाकली."

मग तिनं पदरासारखं लोंबणारं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं आणि टिस्डेलला आश्चर्य वाटलं, कारण ती हसत होती. "निशाणाखाली म्हणे! अरे, माझा आसा ढग गडगडला की टेबलाखाली जायचा. अठरा वर्षांचा घोडा झाला तरी! पाद्रीबाबांना मी 'हो, हो' म्हटलं. बिचारे एवढ्या लांबून आले होते, त्यांचं मन कशाला मोडा. पण तो जो कुणी निशाणाखाली पडला ना, त्याच्यासाठी मला रडूच येईना. परका वाटायचा." तिनं रेनरच्या मोठ्या हातावर आपला हात ठेवला. "हा आसा. हा माझा."

रेनर मग लहान मुलासारखा रडला. टिस्डेल सफरचंदं सोलत राहिला. गरजेपेक्षा कितीतरी जास्त सोलली त्यानं.

"छापा," निघताना बाई म्हणाली. "आणि त्या समारंभात वाच. मी पुढं बसेन. आणि हे बघ, डीकनच्या बायकोचं नाव त्यानं सगळ्यात चावऱ्या पोळ्याला दिलं होतं, ते तेवढं गाळ."

समारंभाच्या दिवशी कॉलेजचं सभागृह फुलून गेलं होतं. बाया नव्या बॉनेटांत, बाप्ये कडक कॉलरांत. ओल्डहॅमबाई पहिल्या रांगेत, शेजारी कझाया. डीकन लंडनी खूण केली आणि टिस्डेल व्यासपीठावर चढला.

पुन्हा तेच डोळे. पुन्हा जीभ टाळ्याला. हातात काही नव्हतं. यावेळी मागच्या बाकावरून कोंबडी ओरडली नाही. मुलांनी श्वास धरून ठेवला होता. टिस्डेलनं व्यासपीठाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कझायानं डोळे मिटून घेतले.

"मला," तो म्हणाला, आणि आवाज एवढा बारीक होता की मागचे पुढं झुकले, "मला बोलता येत नाही. तुम्हाला माहीतच आहे." कुणीतरी हसलं, पण प्रेमानं. "ह्यांना येतं. ऐका."

आणि तो खाली उतरला. त्याच्या आयुष्यातलं व्यासपीठावरचं पहिलं आणि शेवटचं भाषण ते एवढंच.

मुलं एकामागून एक बोलली. एकानं आपल्या आजोबांच्या नावेबद्दल सांगितलं, एकानं दोन बोटं गेल्यावर गाईची धार काढायला कसं शिकलो ते. रेनर उभा राहिला आणि ओल्डहॅमबाईकडे बघत बोलला, आणि गांधीलमाशीपाशी आल्यावर सगळं सभागृह हसलं. शेवटाला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टर क्रेन केव्हाच खुर्ची सोडून रेनरच्या पुढ्यात जाऊन, कर्णा थेट त्याच्या तोंडाशी धरून उभे होते. ते वळून म्हणाले, "मी सगळं ऐकलं. सगळं!"

"हे भाषण नव्हतं," डीकन लंड बाहेर पडताना म्हणाले. "गप्पा होत्या." पण म्हणता म्हणता त्यांनी रुमालात एवढ्या मोठ्यानं नाक शिंकरलं की पायरीपाशी बांधलेला घोडा बुजला. विश्वस्तांची बैठक लांबली. अखेर एका मताच्या फरकानं ठरलं, की मिस्टर टिस्डेलना आणखी एक वर्ष ठेवावं आणि मुलांना ॲप्रन सक्तीचे करावेत.

"एक वर्ष," टिस्डेल कझायाला म्हणाला.

"सूप घे," ती म्हणाली. "गार होतंय."

आसावरचा मजकूर छापून आला आणि अंक कुठं कुठं गेला. जूनमध्ये, कॉलेजला सुट्टी लागली होती तरी मुलं छापखान्यात होतीच, तेव्हा दारात एक खेचरांची गाडी थांबली. पलीकडच्या काउंटीतला एक म्हातारा शेतकरी खाली उतरला. अंगावर रविवारचा कोट, बुटांवर वाटेची धूळ. टोपी चुरगाळत तो उंबऱ्यापाशी घुटमळला.

"इथं... पोरांबद्दल लिहितात म्हणे," तो म्हणाला. "गेलेल्या. पण जिवंत असताना कशी होती, तसं. माझेही दोघं होते."

टिस्डेलनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम दिसलं की आपलं पुढचं पुस्तक हे आहे, आणि ते आपण एकट्यानं लिहायचं नाही. कझायानं स्टूल पुढं सरकवलं, ॲप्रननं पुसलं. म्हातारा टेकला, पण कुठून सुरू करावं ते त्याला सुचेना; त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

ज्युबल रेनरनं इकडंतिकडं पाहिलं. मग कोपऱ्यातली, खिळे पुसायच्या चिंध्यांची टोपली उचलून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः त्याच्या पायाशी जमिनीवर बसला.

"एवढ्या चिंध्या जरा फाडून द्या आम्हाला, काका," तो म्हणाला. "आणि थोरला लहानपणी कसा होता, तिथनं सांगा."